गोदावरीचं पाणी आणि काळा दगड

आज दिवसभर गोदाकाठी होतो. एमएस्सीच्या प्रबंधासाठी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता. गंगापूर धरणाच्या खालून सुरुवात केली आणि नाशिक शहर ओलांडून पुढे गेलो.

हा ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत मला मनापासून आवडते. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा नको. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. वरच्या नमुन्यात छान तपकिरी आला. शहराखालचा फिकट पडत गेला तेव्हा पोटात कालवलं. त्यात उन्हाळा. २० अंशांना स्वच्छ पाणी लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांना साडेसातच. सांडपाणी तेवढंच असलं तरी मे महिन्यात मासे जास्त गुदमरतात ते म्हणूनच.

आणि नदीखाली आपला काळा दगड, बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. अखंड दगडात पाणी मुरत नाही. भेगांतून, झिजलेल्या थरांतून मुरतं. पावसाळ्यानंतर नदीला तेच पाणी झऱ्यांमधून परत मिळतं. म्हणून नदीपात्रात काँक्रीट ओतलं की मला राग येतो.

पाणी एका विभागात आणि दगड दुसऱ्या विभागात शिकवणं मला पटत नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनो, पाणी आणि दगड एकत्र अभ्यासायच्या या विषयाकडे या. एमएस्सी प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेत भूविज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. काही विचारायचं असेल तर मेसेज करा, उद्या टायट्रेशन (बाटल्यांमधला ऑक्सिजन मोजायची शेवटची पायरी) संपलं की सगळ्यांना उत्तर देतो.