कांद्याचा पापुद्रा

पोह्यांसाठी कांदा चिरताना दोन पाकळ्यांमधला तो ओलसर, असून नसल्यासारखा पापुद्रा बोटाला चिकटतो. बायको तो झटकून टाकते. माझा हात मात्र अजूनही क्षणभर थबकतो, कारण आठवीत याच पापुद्र्याने मला फसवलं होतं.

शाळेत सूक्ष्मदर्शी एकच आणि वर्गात आम्ही बावन्न. सरांनी पापुद्रा काचपट्टीवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला आणि रांग लावली. एकेकाला दहा सेकंद. डोळा लावला न लावला तोच मागून ढकलाढकली. मला दिसला तो जाड काळ्या कडेचा, अगदी कंपासने काढावा तसा गोल. हेच पेशीच्या मधलं केंद्रक, अशी माझी खात्री पटली. घरी येऊन जर्नलमध्ये मात्र मी पुस्तकातल्या विटा काढल्या, प्रत्येक विटेत एक ठिपका, उजवीकडे पट्टीने ओढलेल्या रेषा आणि नावं: पेशीभित्तिका, पेशीद्रव, केंद्रक, रिक्तिका. सरांनी लाल शाईने बरोबरची खूण केली. जे पाहिलं ते काढलं नव्हतं आणि जे काढलं ते पाहिलं नव्हतं.

तो गोल म्हणजे कव्हर स्लिपखाली, पापुद्र्यावर झाकायच्या पातळ काचेखाली, अडकलेली हवा, हे कळायला कॉलेज उजाडावं लागलं. कव्हर स्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू सोडायची असते. आम्ही ती कॅरमच्या सोंगटीसारखी टाकली होती.

तसं पाहिलं तर ‘पेशी’चं ‘सेल’ (म्हणजे खोली) हे इंग्रजी नावही अपुऱ्या दर्शनातूनच आलं. रॉबर्ट हूकने १६६५ साली छापलेल्या पुस्तकात बुचाच्या पातळ कापाचं चित्र आहे. बूच म्हणजे मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. आतला संसार केव्हाच उठून गेलेला. त्याने त्या रिकाम्या खोल्यांना खोल्याच म्हटलं आणि ते नाव टिकलं. रॉबर्ट ब्राऊनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींतला ठिपका, म्हणजे केंद्रक, नीट पाहून त्याला नाव दिलं, तोवर मधे दीडशेहून जास्त वर्षं गेली. मला तर दहाच सेकंद मिळाले होते. (आमचा इंदूरचा मामेभाऊ मात्र हिंदीतून ‘कोशिका’ शिकला. त्याच्या लेखी पेशी, म्हणजे सुनावणी, कोर्टात असते.)

तोंडी परीक्षेत हमखास विचारायचे, कांदा मूळ की खोड? ‘खोड’ म्हटलं की सुटका. पण खरं खोड म्हणजे बुडाची ती केसाळ चकती, जी आपण पहिल्यांदा उडवून केराच्या डब्यात टाकतो. खातो ती पानंच, अन्न साठवून फुगलेली. जमिनीतल्या अंधारात वाढल्यामुळे त्यांत हिरवा रंग देणारी हरितलवकं नाहीत, म्हणून काचेखाली हिरवा ठिपकाही दिसत नाही.

आणि रडू? ती सगळी पेशीतल्या पडद्याची गंमत. गंधकाची संयुगं पेशीद्रवात, विकर (एन्झाइम) रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, मधे एक पातळ पडदा. सुरी फिरली की दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो. बोथट सुरी पेशी कापण्याऐवजी चिरडते आणि जास्त रडवते. आई कांद्याच्या कोशिंबिरीत मीठ शेवटी घालायची, ‘नाहीतर पाणी सुटतं’ म्हणून. परासरण हा शब्द तिने कधी ऐकला नसेल, पण पेशीतलं पाणी मिठाकडे धावतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परवा लेकीने शाळेतून फोटो आणला. वर्गातल्या बाईंनी सूक्ष्मदर्शीच्या भिंगावर मोबाइल धरून काढलेला. फिकट पिवळ्या लांबट पेशी एकमेकींना खेटून, कुठेकुठे तपकिरी ठिपका, आणि बरोबर मधोमध जाड काळ्या कडेचा गोल. तीस वर्षांनी जुना वर्गमित्र भेटावा तसं झालं.

‘‘बाबा, केंद्रक एवढं मोठं असतं?’’

‘‘तो बुडबुडा आहे.’’

‘‘मग काढू की नको?’’

मी कांदा चिरत होतो, डोळे आधीच वाहत होते. म्हटलं, दिसतोय ना, मग काढ. तिने काढला. रेष ओढून समोर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘हवेचा बुडबुडा’. जर्नल सोमवारी तपासून मिळणार आहे. तिच्यापेक्षा मलाच घाई झालीय.