गॅलियम घ्यायचं की फ्लोरीन?

प्रोस्टेट कॅन्सर कुठे आहे ते शोधायला पीएसएमए पेट स्कॅन ठरला की रुग्णाबरोबर आलेला मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते, "डॉक्टर, गॅलियमवाला चांगला की फ्लोरीनवाला?" मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये रोज हेच स्कॅन वाचतो. पण उत्तराऐवजी मीच उलटा विचारतो, आजार शोधायचाय कुठे? त्यावर बरेच जण हिरमुसतात.

दोन्ही ट्रेसर, म्हणजे स्कॅनआधी टोचायची किरणोत्सर्गी औषधं, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतात. गॅलियम-६८ जनरेटरमधून काढतात आणि ६८ मिनिटांत ते निम्मं होतं (आकडा तोच, निव्वळ योगायोग). फ्लोरीन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये बनतं आणि त्याला निम्मं व्हायला ११० मिनिटं लागतात, म्हणून ते लांबवर पाठवता येतं. खरं सांगायचं तर बऱ्याचदा निवड इथेच होऊन जाते. त्या दिवशी जे हाताशी, ते दिलं जातं.

माझ्या दृष्टीनं खरा फरक ट्रेसर शरीराबाहेर कुठून पडतो, यात आहे. समजा प्रोस्टेट काढून झालंय आणि पीएसए (रक्तात मोजलं जाणारं प्रोस्टेटचं प्रथिन) पुन्हा ०.३ वर आलाय. गॅलियमचा पीएसएमए-११ लघवीतून जातो. पडद्यावर मूत्राशय असा पेटलेला दिसतो की त्याला खेटून असलेला दाण्याएवढा ठिपका त्या झगमगाटात बुडतो. मग लघवी वाढवणारं औषध द्या, मूत्राशय रिकामं करून पुन्हा चित्र घ्या. फ्लोरीनवाले सगळे यातून सुटतात असंही नाही. त्यातला डीसीएफपीवायएल लघवीतूनच जातो. पीएसएमए-१००७ मात्र मुख्यतः यकृत-पित्तावाटे जातो, त्यामुळे मूत्राशय बरंच शांत असतं.

पण याच १००७ मध्ये बरगडीवर एखादा फिकट डाग उमटतो. सीटीत तिथलं हाड अगदी स्वच्छ. रिपोर्टमध्ये "बरगडीत ग्रहण" (म्हणजे तिथे ट्रेसर साचलाय) एवढंच वाचून घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. असे एकटे डाग पुष्कळदा निरुपद्रवी असतात, आणि तेवढ्यावरून उपचार बदलायची घाई मला पटत नाही.

पीएसएमएला न चिकटणारा आणखी एक ट्रेसर, फ्लुसिक्लोविन, मात्र मागे पडला. २०१९ मध्ये ५० रुग्णांवर त्याचा आणि पीएसएमए-११ चा असे दोन्ही स्कॅन करून तुलना झाली, पीएसए ०.२ ते २ च्या दरम्यान. फ्लुसिक्लोविननं २६ टक्के रुग्णांत आजार दाखवला, पीएसएमए-११ नं ५६ टक्क्यांत. इतर कॅन्सरमध्ये नेहमी वापरलं जाणारं साखरेसारखं ट्रेसर, एफडीजी, इथे सहसा फिकं पडतं, कारण या पेशी सुरुवातीला साखरेच्या फारशा भुकेल्या नसतात. आजार आक्रमक होऊन पीएसएमए दाखवेनासा झाला, की तेच एफडीजी कामी येतं.

पुढच्या स्कॅनला येताना जुनी सीडी आणा, आणि जमलं तर ट्रेसर तोच ठेवा. बरगडीवरचा तो डाग मागच्या वेळीही तिथेच आणि तेवढाच होता का, हे मला ताडून बघता येतं.