चांगला ट्रायल वकील कोण?

पिक्चरमुळे लोकांना वाटतं की वकील म्हणजे जोरात ओरडणारा माणूस. काळा घोड्याच्या सेशन्स कोर्टात मागच्या बाकावर एक दिवस बसून बघा, तिथे ज्याचं नाव आहे तो बहुतेक वेळा हळूच बोलत असतो आणि उलटतपासणीत त्याचे प्रश्न एवढे छोटे की साक्षीदाराला हो किंवा नाही याशिवाय काही सुचतच नाही.

खरी मेहनत कागदावर असते. साक्षीदार कोर्टात नवीनच काहीतरी सांगतो जे पोलिसांच्या जबाबात नव्हतं, त्याला ओमिशन म्हणतात, ते वकिलाने साक्षीदाराला विचारून रेकॉर्डवर आणायचं आणि मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी तपास अधिकारी साक्षीला आला की त्याच्याकडून ते सिद्ध करून घ्यायचं. हे विसरलात तर आधीची अख्खी उलटतपासणी पाण्यात, मग आवाज कितीही खणखणीत असो! नाट्यमय भाषणं ज्युरीच्या काळात, म्हणजे सामान्य नागरिकांचं मंडळ दोषी की निर्दोष ते ठरवायचं तेव्हा, चालायची म्हणा, पण नानावटी या नौदल अधिकाऱ्याच्या गाजलेल्या खून खटल्यात तर ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलेल्या माणसाला पुढे हायकोर्टाने दोषी धरलंच, सुप्रीम कोर्टानेही १९६१ मध्ये तेच कायम ठेवलं.

किती केसेस जिंकल्या हे अशील विचारतात, मला तो प्रश्नच फालतू वाटतो, पुरावाच भक्कम असेल तर वकील काय करणार. इतर वकिलांमध्ये आणि जजसमोर मान मिळतो तो वेगळ्याच गोष्टीने, म्हणजे आपल्या विरोधात जाणारा वरच्या कोर्टाचा जुना निकाल जजपासून लपवत नाही, उगाच तारखा मागत नाही, आणि अशिलाला पहिल्याच भेटीत सरळ सांगतो की बाबा, केस कमकुवत आहे.