कुलंट, हाताच्या भेगा आणि पॅच टेस्ट

भोसरीत व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन चालवतो. जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, काढा, पुसा, लावा. हात दिवसभर कुलंटमध्ये, म्हणजे कापताना धातू थंड ठेवायला सोडतात त्या द्रवात. आधी बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, मग पुटकुळ्या आणि शेवटी अशा भेगा पडल्या की मापाचं व्हर्नियर धरताना रक्त यायचं. आई म्हणाली खरूज आहे, कडुलिंबाच्या पाण्याने धू. मेडिकलवाल्याने स्टिरॉइडची ट्यूब दिली. लावली की बरं, सोडली की दुप्पट.

सुपरवायझर म्हणायचे, "ग्लोव्हज घाल की!" मशीनच्या फिरत्या स्पिंडलजवळ ग्लोव्हज अडकला तर हातासकट जातो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या दवाखान्यातून त्वचारोग ओपीडीला चिठ्ठी मिळाली. तिथल्या मॅडमनी हात पाहायच्या आधी विचारलं, "गावाला गेलात की कसं असतं?" गणपतीत हात जवळजवळ साफ झाले होते, कामावर आल्यावर पुन्हा तेच. खरूज सुट्टी बघून जात नाही, असं म्हणून त्यांनी पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते त्वचेवर पट्ट्या लावून बघायची तपासणी, लिहून दिली. सोबत कुलंट आणायला सांगितलं. ड्रममधलं कोरं वेगळं आणि टाकीतलं वापरलेलं वेगळं.

सोमवारी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. त्यात निकेल, क्रोमियम, रबरातली रसायनं, शिवाय आपलं गाजर गवतही होतं. पुण्यात राहून ते कसं सुटेल! पट्ट्या बुधवारी निघाल्या, शुक्रवारी पुन्हा तपासणी. तोवर पाठीला पाणी नाही, घाम नाही, खाजवायचं तर अजिबात नाही. उकाड्यात हे भोगणं म्हणजे शिक्षाच.

लाल उठलं ते आयसोथायझोलिनोनवर. कुलंट सडू नये म्हणून घालतात ते हे रसायन. कंपनीकडून कुलंटचं सेफ्टी डेटा शीट मिळवायला बरंच झगडावं लागलं, पण घटकांच्या यादीत तेच नाव निघालं. वर आमच्याकडे कुलंट किती दाट ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर कपाटात. अंदाजपंचे कुलंट ओतायचे. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं आणि उरलेलं आणखी जहाल होतं. घरचा लिक्विड हँडवॉश पालथा करून पाहिला, तर त्यातही हेच. तो त्याच दिवशी बाद.

खरी मारामारी कागदांची. केसपेपरवर नुसतं 'एक्झिमा' होतं. मी मॅडमना विनंती केली, कशामुळे आणि कोणत्या कामात, तेही लिहा. त्यांनी लिहिलं. ईएसआयमध्ये साध्या आजारपणाला सरासरी मजुरीच्या 70 टक्के मिळतात, कामामुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाला 90. घरभाडं भरणाऱ्याला हा फरक कळतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनांमुळे होणारा त्वचारोग होता. त्याच्या कलम 89 प्रमाणे व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही तो सरकारला कळवायचा असे. एचआरच्या साहेबांना हे कलम दाखवलं, तेव्हा कुठे कामामुळे आजार झाल्याचा माझा अर्ज टेबलावरून हलला.

आता आजाराचा कामाशी संबंध ठरवणार ईएसआयचं विशेष वैद्यकीय मंडळ. तारीख यायची आहे. तोवर मला फायनल इन्स्पेक्शनला टाकलंय. जॉब धुऊन, कोरडे होऊन येतात. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, रात्री व्हॅसलिन. भेगा भरल्यात. ओव्हरटाइम मात्र बुडतोय, आणि माझ्या मशीनवर नवा पोरगा लावलाय. त्याला सेफ्टी डेटा शीटची झेरॉक्स दिली आहे.