एकाच घरातल्या दोन मांजरींचे अचानक वैर

एकाच वेताच्या, एकाच टोपलीत वाढलेल्या दोन मांजरी एखाद्या दुपारी अचानक एकमेकींच्या जिवावर उठल्या की घरातली माणसे त्या दोघींमध्येच कारण शोधू लागतात. जेवणावरून बिनसले असेल, एकीचे लाड जास्त झाले असतील, असे तर्क चालतात. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी मनी आणि तपी यांच्यात हे घडल्यावर माझे मत पक्के झाले आहे की खरे कारण पुष्कळदा त्या दोघींच्या बाहेर असते, आणि ते वेळीच ओळखले नाही तर वर्षानुवर्षांचे सख्य कायमचे तुटू शकते.

आमचे घर जुने आणि कौलारू आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परडे. बेळगावात पावसाची झड लागली की बाहेरच्या जनावरांना कोरडी जागा उरत नाही, आणि गेल्या पावसाळ्यात गल्लीतला एक धिप्पाड बोका परड्याच्या भिंतीवरून उतरून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, पागोळ्यांच्या आतल्या आडोशाला बसू लागला. मनीने त्याला गजांतून पाहिले आणि तिची शेपटी फुगली, कान मागे गेले, घशातून लांबलचक गुरगुर सुरू झाली. बोका आवाक्याबाहेर होता. नेमक्या त्याच वेळी, काय चालले आहे हे पाहायला तपी तिच्या मागे येऊन उभी राहिली, आणि मनी गर्रकन वळून तिच्यावरच तुटून पडली.

ज्याच्यावर राग आहे त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही म्हणून तो जवळ असेल त्याच्यावर निघणे, हा मांजरांमधल्या अचानक भांडणांचा अगदी नेहमीचा प्रकार आहे. विसर्जन मिरवणुकीतले फटाके किंवा मांडणीवरून कोसळलेली भांडी यांमुळेही असेच होऊ शकते. चवताळलेले मांजर थोड्या वेळाने शांत दिसले, तरी त्याच्या अंगातली ती उत्तेजना कित्येक तास, कधी कधी एक-दोन दिवसही उतरत नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडते. मार खाल्लेले मांजर घाबरून अंग चोरते, फिस्कारते, आणि त्याचा तो पवित्रा पाहून दुसरे पुन्हा बिथरते. बोका केव्हाच निघून गेलेला असतो, पण भांडण आता त्याच्याशिवायही चालू राहते.

दुसरे एक कारण वासाचे आहे. एकत्र राहणारी मांजरे एकमेकांना गाल आणि अंग घासून सर्वांचा मिळून एक वास तयार करतात आणि त्यावरून आपले कोण ते ओळखतात. म्हणून त्यांपैकी एक दवाखान्यातून औषधांचा वास घेऊन परतले की घरातले दुसरे त्याला परके समजून अंगावर धावते. तिसरे कारण दुखणे. किडलेला दात, आखडलेले सांधे, उतारवयात वाढलेले थायरॉईड, यांमुळे शांत मांजरही चिडखोर होते. त्यामुळे बाहेरचे कारण उघड दिसत नसेल, तर आधी पशुवैद्याकडे जावे. खानापूर भागातल्या गावांतून गुरांच्या दवाखान्यापर्यंत मांजर न्यायचे म्हणजे खटाटोप असतो, हे मला ठाऊक आहे, तरीही घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. ती पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते आणि थोडीशी मात्राही त्याचा जीव घेऊ शकते.

शेजारच्या काकू मायेनेच म्हणाल्या होत्या, "भांडून घेऊ दे त्यांना, आपोआप गप्प बसतील." हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो आणि तो मला घातक वाटतो. भांडून झाल्यावर समेट करण्याची रीत मांजरांमध्ये फारशी दिसत नाही. प्रत्येक झटापटीनंतर भीती आणखी घट्ट होते. म्हणून पहिले काम म्हणजे दोघींना वेगळे करणे, आणि तेही हाताने नव्हे, तर मध्ये जाड चादर किंवा पुठ्ठा धरून. मांजराचे दात बारीक असतात आणि जखम वरून लहान पण आत खोल होते. माणसाला चावा बसलाच, तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लशीविषयी विचारावे.

आम्ही तपीला माडीवर ठेवले आणि मनीला खाली. प्रत्येकीचे पाणी, जेवण, वाळूचा ट्रे स्वतंत्र. खिडकीच्या खालच्या तावदानांना आतून कागद चिकटवला. मग जुन्या सुती धोतराचे फडके एकीच्या गालांवरून हलकेच फिरवून दुसरीच्या ताटलीखाली ठेवायचे, म्हणजे तो वास आणि जेवणाचे सुख यांची सांगड बसते. फडक्याकडे दोघी दुर्लक्ष करू लागल्यावर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या मांडल्या, त्यानंतर दार बोटभर उघडे ठेवून. एखादी फिस्कारली की एक पायरी मागे जायचे, आणि त्यावरून रागवायचे मुळीच नाही, कारण ओरडणे किंवा पाणी मारणे यातून ती भीतीही समोरच्या मांजराच्याच नावावर जमा होते. घरातल्या माणसांची सगळ्यात मोठी कसोटी इथे लागते, कारण दोन दिवस बरे गेले की दार सताड उघडण्याचा मोह होतो.

आता दोघी पुन्हा एका खोलीत वावरतात, पण दोघींसाठी ट्रे तीन आहेत आणि एकीला दुसरीच्या वाटेतून न जाता फळीवर चढता येईल अशी सोय केली आहे. पूर्वीसारख्या त्या अंगाला अंग लावून झोपत नाहीत. कदाचित झोपणारही नाहीत, आणि तसा आग्रह मी धरणार नाही. राहिला तो बोका. त्याला हाकलले तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीत जाऊन बसेल, म्हणून गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून पाऊस ओसरल्यावर त्याची नसबंदी करायचे ठरवले आहे. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचे भटकणे, मारामाऱ्या आणि भिंतींवर मूत्र फवारणे पुष्कळ कमी होते. तोवर त्याचे जेवण परड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, खिडकीतून दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवतो.