'टॉलरन्समध्ये आहे' म्हणजे किती?

चारशे-पाचशे डॉलरचा खिशातला चाकू कारखान्यात बनत असेल, तर त्याच्याकडून माझी पहिली मागणी एकच: दहा हजारावा नग पहिल्या नगासारखा निघाला पाहिजे. पोलाद कोणतं, मूठ टायटॅनियमची की कार्बन फायबरची, हे सगळं त्यानंतर.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका टूल रूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर डायल, समोर सरफेस प्लेट आणि तिच्यावर प्रेस टूलचे, म्हणजे पत्रा कापायच्या साच्यांचे, पंच आणि डाय. फोल्डिंग चाकूंची आवड भावामुळे लागली, पण टिकली ती या कामामुळे. सपाटपणा, समांतरता, फिट, हार्डनिंग, ग्राइंडिंग, टूल रूममधल्या सगळ्या परीक्षा तळहाताएवढ्या वस्तूत एकदम लागतात. एक जरी चुकली तरी अंगठ्याला कळतं.

एकटा कारागीर चाकू घडवतो तेव्हा दोन नगांत फरक असणारच. गिऱ्हाईक तो हात बघूनच पैसे देतं. कारखान्याला ही सवलत मी देणार नाही. संगणकावर चालणारी सीएनसी मशीन घेतली, जॉब पकडायची फिक्स्चर बनवली, ती नग सारखे यावेत म्हणूनच ना? मग 'शेवटचं फिनिशिंग हातानं होतं, थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच' हे उत्तर महाग प्रॉडक्शन चाकूच्या बाबतीत कसं चालेल?

हे जमतं, याचा पुरावा आहे. चाकू बनवणारे ख्रिस रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, नंतर अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसीला स्थायिक झाले. उघडलेलं पातं अडवून धरणारी लॉकची पट्टी मुठीच्याच टायटॅनियमच्या पट्टीतून कापून काढायची कल्पना त्यांची. आज जग तिला फ्रेम लॉक म्हणतं. पण माझा जीव जडला तो त्यांच्या मोठ्या 'सेबेन्झा २१' चाकूच्या पिव्हटवर, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या आसावर. बहुतेक फोल्डिंग चाकूंत पिव्हटचा स्क्रू जास्त आवळला की पातं जड होतं आणि सैल सोडला की डुलतं. मधली जागा आपणच शोधायची आणि स्क्रू हलू नये म्हणून थ्रेडला लॉकिंगचं द्रव लावायचं. या चाकूत पिव्हटवर एक बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी, आहे. स्क्रू पूर्ण आवळला की दाब बुशवर येतो, पातं मोकळंच राहतं. त्यासाठी बुशची लांबी, पातं आणि दोन्ही बाजूंचे फॉस्फर ब्राँझचे वॉशर यांच्या एकूण जाडीपेक्षा अगदी किंचित जास्त लागते. कमी पडली तर पातं जाम, थोडी जास्त झाली तर पातं खेळतं. म्हणजे चार मापं आली आणि चारही मापांतली चूक बेरजेत जमा होते. असा स्टॅक मायक्रॉनमध्ये सांभाळायचा, तोही प्रत्येक नगात, म्हणजे काय असतं ते ज्यानं कधी लॅपिंग, म्हणजे बारीक घासून माप आणायचं काम, केलंय त्याला विचारा. मी हा चाकू भावाच्या एका मित्राकडे पाहिला. स्क्रू गच्च आवळला आणि तरी पातं तेलात फिरावं तसं फिरलं. मी तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

आता दुसरी बाजू. भावानं परदेशातून माझ्यासाठी एक चाकू आणला. कंपनीचं नाव घेत नाही, पण किंमत वरच्याच रांगेतली. बॉक्स सुंदर, आत जाड कागदावर छापलेलं कार्ड. पातं बंद केल्यावर दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसत होतं, त्यामुळे फोटोत तो निर्दोषच दिसला असता. मी पॉइंट मायक्रोमीटर लावला. धारेच्या लगेच मागची जाडी मुठीजवळ ०.४५ मिमी आणि टोकाकडे ०.९० च्या पुढे. धारेचा उतार डाव्या अंगाला जेवढा रुंद, उजव्या अंगाला जवळजवळ त्याच्या निम्मा. म्हणजे दोन्ही बाजूंचा कोनच वेगळा.

कंपनीला फोटो आणि मापं पाठवली. उत्तर सभ्य होतं आणि लगेच आलं: नग आमच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापातल्या मान्य फरकात, आहे.

माझ्या टेबलावर जॉब येतो तेव्हा त्याच्यासोबत ड्रॉइंग येतं. ड्रॉइंगवर माप असतं, मापापुढे अधिक-उणे असतं. त्यावरून मी पास म्हणते किंवा रिजेक्ट म्हणते, आणि मशीनवरचा माणूस तेच ड्रॉइंग पुढे करून माझ्याशी भांडू शकतो. आकडा न सांगता 'टॉलरन्समध्ये आहे' असं कुणी म्हणालं, तर आमच्याकडे त्याला उत्तर समजत नाहीत. धारेमागची जाडी ०.४० ते ०.९५ चालेल असं त्या कंपनीनं खरंच ठरवलं असेल, तर तिनं ते छापावं. मग घ्यायचा की नाही ते मी ठरवीन.

ही जाडी एवढी महत्त्वाची का, ते मोहाडीच्या मामांच्या मळ्यात दिसलं. आपल्याकडे द्राक्षाची नवी बाग लावताना आधी डॉगरिज जातीचे खुंट लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत त्यावर पाचर कलम करतात. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, खुंटाला मधोमध चीर द्यायची, पाचर तिच्यात बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. सालीच्या आतला हिरवा थर एका बाजूला तरी खुंटाच्या थराला भिडलाच पाहिजे. पाचरीचं अंग सपाट नसेल तर मध्ये फट राहते आणि कलम वाळतं. मामा त्यांच्या साध्या कलम चाकूनं एका ओढीत अंग काढतात. काडी उन्हाकडे धरली की कापलेला भाग ओला चकाकतो, कुठे पायरी नाही, रेषा नाही.

माझा चाकू त्यांना दिला. धार होती, केस उडत होते. पण काडीत पातं शिरलं आणि एका बाजूला ओढ घेऊ लागलं. टोकाकडच्या भागानं तर लाकूड तासण्याऐवजी उभं फाकवलं. मामांनी काडी फिरवून पाहिली. "अगं, हा कापत नाय, फाडतो," म्हणाले आणि चाकू मिटून परत दिला. पूर्ण तपासणी अहवाल एका वाक्यात. कलम चाकूची धार एकाच बाजूनं काढलेली असते, ते खास त्याच कामाचं हत्यार आहे, हे मला मान्य. पण दोन्ही अंगांनी सारखा आणि मागे पातळ ग्राइंड केलेला खिशातला चाकू सरळ तरी कापतो.

पोलादाबद्दल लोक फार बोलतात, म्हणून थोडं. सीपीएम एस३०व्ही हे क्रुसिबल कंपनीचं पोलाद २००१ मध्ये चाकूंसाठीच म्हणून आलं: कार्बन १.४५ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४. वितळलेल्या पोलादाची आधी पावडर करतात आणि ती उष्णता व दाबाखाली एकजीव करतात, त्यामुळे कार्बाइडचे (पोलादातले सगळ्यात कठीण) कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले राहतात. आमच्या पंचांचं नेहमीचं डी२ ओतीव असतं. कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२, पण कार्बाइडचे कण मोठे. कागदावर एस३०व्ही सरस आहे यात वाद नाही. पण उत्तम पोलाद हार्डनिंगमध्ये बिघडलं की काय होतं ते मी रोज बघते. जास्त तापलं तर ठिसूळ, टेंपर (हार्डनिंगनंतर पुन्हा बेतानं तापवणं) चुकला तर मऊ, आणि वरून दोन्ही सारखेच चकचकीत. हार्डनेस मोजणारा रॉकवेल टेस्टर १५० किलोच्या भारानं हिऱ्याचं टोक दाबून खड्डा पाडतो. स्वतःच्या नव्या चाकूवर असा खड्डा कोण पाडून घेणार? इथे गिऱ्हाईक पूर्णपणे विश्वासावर असतं. म्हणून हार्डनेसची रेंज जाहीर करणाऱ्या कंपनीला मी मानते.

शेवटच्या ग्राइंडिंगचंही तसंच. धार काढताना कोरडा बेल्ट वेगानं दाबला, तर टोकाचं पातळ पोलाद क्षणात तापतं आणि त्याचा टेंपर उतरतो. आमच्या ग्राइंडरवर असा भाग निळा पडतो आणि लगेच पकडला जातो. चाकूची धार इतकी पातळ की तो निळा पट्टा नंतरच्या पॉलिशमध्ये पुसून जातो. नव्या चाकूची धार लवकर बसते आणि दोन-तीनदा दगडावर लावल्यावर टिकायला लागते, हा अनेकांचा अनुभव आहे. त्याचं कारण बरेचदा हेच असतं. एस३०व्ही लावायला हिऱ्याची प्लेट घ्या. त्यातलं व्हॅनेडियम कार्बाइड आपल्या नेहमीच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतं.

पातं मधोमध बसतंय का, यावर लोक जितका जीव टाकतात तितकी ती गोष्ट मोठी नाही. पट्टीला घासत नसेल आणि उघडल्यावर डुलत नसेल, तर केसभर सरकलेलं पातं मी पास करीन. लॉकला मात्र सूट नाही. टायटॅनियमची पट्टी पात्याच्या पोलादावर टेकते तिथला कोन चुकला तर लॉक एकतर सटकतो नाहीतर चिकटतो, आणि दोन्हींत बोट पात्याच्या वाटेत असतं. मऊ टायटॅनियम झिजू नये म्हणून तिथे पोलादाचा तुकडा बसवणं किंवा पृष्ठभाग कठीण करणं या किमतीत आलंच पाहिजे.

आणि सारखेपणा फक्त महागातच मिळतो असं कुणी म्हणू नये. स्वित्झर्लंडच्या इबाखमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. आजच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचा हार्डनेस ५५-५६ एचआरसीच्या (रॉकवेलच्या सी मापाच्या) आसपास, म्हणजे मऊच. पण पातं मागे पातळ असतं आणि नेल-निक (पातं उघडायला नख अडकवायची खाच) ओढताना लागणारा जोर प्रत्येक नगात सारखा. माझ्या पर्समध्ये असतो तो हाच, आणि मामांनाही तो आवडला.

आपल्यासाठी बॉक्स बंद होण्याआधीची तपासणी तर आणखीच मोलाची आहे. वॉरंटी आजन्म असली तरी नाशिकहून अमेरिकेला चाकू परत पाठवायचा कसा? बऱ्याच कुरिअरवाल्यांनी चाकू म्हटल्यावर पार्सल घेतलंच नाही. ज्यांनी तयारी दाखवली त्यांनी सांगितलेला आकडा, वर परत येताना कस्टम्सची कटकट. माझा तो चाकू मी शेवटी घरीच, हिऱ्याच्या प्लेटवर, हळूहळू दोन्ही अंगांनी सारखा केला. आता तो छान कापतो, पण ते काम कंपनीचं होतं आणि त्याचे पैसे तिने घेतले होते.

हल्ली घेण्याआधीच कंपनीला मेल टाकते: धारेमागची जाडी किती ते किती, हार्डनेस किती ते किती. बहुतेकांकडून गुळमुळीत उत्तर येतं. एका छोट्या कंपनीनं मात्र दोन्ही रेंज कळवल्या, वर जाडी कुठल्या तीन ठिकाणी मोजतात तेही लिहिलं. भाऊ दिवाळीला येतोय. चेक-इन बॅगेत त्यांचाच चाकू आण, असं त्याला सांगून ठेवलंय, आणि आल्या आल्या त्या तिन्ही ठिकाणी मी मायक्रोमीटर लावणार आहे.