इशापूर, सॅव्हेज आणि माझा गाढवपणा

मंडळी, ठरलं होतं की माझ्या दोन जुन्या ली-एन्फील्ड रायफली, म्हणजे इशापूर कारखान्यातली १९४२ची (नंबर वन मार्क थ्री स्टार) आणि अमेरिकन सॅव्हेज कंपनीची नंबर फोर मार्क वन स्टार, शेजारी ठेवून लिहायचं, पण आधी रडगाणं ऐका.

इशापूरचा बट (खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग) किंचित हलत होता. सॅव्हेजचा गेल्या महिन्यात बटप्लेटच्या झाकणातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून दोन मिनिटांत आवळला होता, म्हटलं ही पण त्याच घरातली. अर्धा आटा फिरवला आणि पुढून कट्ट! फोरएंडला (बॅरलखालच्या पुढच्या लाकडाला) मागच्या टोकाला चांगली बोटभर चीर.

नंबर वनमध्ये स्टॉक बोल्टचं (बट आवळून धरणाऱ्या लांब बोल्टचं) चौकोनी टोक पुढे येऊन फोरएंडमधल्या कीपर प्लेट नावाच्या पट्टीत अडकतं, बोल्ट सैल होऊ नये म्हणून. म्हणजे आधी फोरएंड काढायचा, मगच बोल्टला हात लावायचा, नाहीतर चौकोन फिरतो आणि लाकूड फाडतो. नंबर फोरमध्ये ही भानगडच काढून टाकलीय. माहीत होतं हो मला, पण रात्री अकराला कोण आठवतंय.

नवीन म्हणून मागवलेल्या फोरएंडचे ड्रॉज (मागच्या टोकाला गोळीचा धक्का झेलणारे लाकडाचे पृष्ठभाग) आधीच चेपलेले निघाले, परत पाठवला. (फोटोत ड्रॉज न दाखवणाऱ्याकडून लाकूड घेऊच नका.) मग एपॉक्सी. पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी उकललं, कारण लाकूड वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेलं. मग अ‍ॅसिटोनमध्ये खडूची भुकटी कालवून चिरेवर लेप, वाळला की खरवडायचा, परत लेप. तिसरा लेप काढला तेव्हा पांढऱ्या भुकटीवर काळपट तेलाचा डाग असा काही उमटला होता की बायकोला गॅरेजमध्ये बोलावून दाखवला. तिला काही विशेष वाटलं नाही. पण परवाचा एपॉक्सी धरलाय!

आता वरून अक्रोडाची चकती बसवणार होतो, पण लिहिता लिहिता मॅगझिनच्या पुढचा तो आडवा इशापूर स्क्रू दिसला, ज्याला मी इतके दिवस कुरूप म्हणत होतो. त्यांनी लाकूड आवळायला तेच केलंय की! चकती रद्द, चिरेतून आडवी पितळी पिन घालतो.

तुलनेचं थोडक्यात: सॅव्हेजची मागची पीप साइट (भोकातून बघून नेम धरायची), ३०० आणि ६०० यार्डांची दोन भोकं, माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना वरदान. इशापूरची नेमाची खाच बॅरलवर, डोळ्यापासून लांब, आता धूसरच दिसते, एनसीसीत हीच कशी लख्ख दिसायची देव जाणे. पण सॅव्हेजच्या मार्क वन स्टारची, रायफलचा सरकता बोल्ट बाहेर काढायची रेलमधली (तो ज्यावरून सरकतो त्या पट्टीतली) खाच मला पटत नाही, तिचा कोपरा उडतो, माझ्या रायफलचाही उडायला लागलाय. आधीच्या नंबर फोर मार्क वनची, खटका दाबून बोल्ट काढायची पद्धत बरी होती.

रविवारपर्यंत क्लॅम्प. आणि हो, बट अजून हलतोयच.